नॉर्मल, पण कुणाच्या मानाने?

केमोथेरपी संपून सहा-आठ महिने झालेले असतात. केस परत आलेले असतात, तोंडाला चव आलेली असते, स्कॅनमध्ये काही सापडत नाही. घरच्यांच्या दृष्टीने आजारपण संपलेलं असतं. नेमक्या या टप्प्यावर बऱ्याच बाया फॉलोअपला येतात त्या एक वेगळीच तक्रार घेऊन. रोजच्या ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येतं, पण बाहेर पडत नाही. गॅसवर दूध ठेवून दुसऱ्या खोलीत गेलं की दुधाचा पत्ताच राहत नाही. जी बेरीज एका नजरेत व्हायची ती तीनदा करावी लागते. दोन माणसं एकदम बोलायला लागली की काहीच डोक्यात शिरत नाही. स्मरणशक्तीची चाचणी होते आणि निकाल येतो, ‘नॉर्मल’. मग ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून बोळवण केली जाते. या प्रकरणातलं म्हणणं असं आहे की तक्रार आणि निकाल यांत इथे खरा विरोध नाही. चाचणी त्या बाईची तुलना समाजाच्या सरासरीशी करते आणि ती स्वतःची तुलना आजाराआधीच्या स्वतःशी करते. गेल्या चाळीसेक वर्षांत जमलेला पुरावा नीट लावून पाहिला, तर दोन्ही मोजमापं आपापल्या जागी बरोबर ठरतात. मात्र उपचाराचे निर्णय एकट्या पहिल्या मोजमापावर घेणं चुकीचं ठरतं.

ही तक्रार इतकी वर्षं कानाआड का गेली, त्याला कारणं होती. केमोची जुनी औषधं वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारतात. म्हणून केस गळतात, तोंड येतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. मेंदूतल्या चेतापेशी प्रौढपणी जवळजवळ विभागतच नाहीत. शिवाय रक्तातले बहुतेक रेणू मेंदूत शिरू नयेत म्हणून तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, ज्याला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. या दोन गोष्टी एकत्र केल्या की मेंदू सुरक्षित आहे असा निष्कर्ष आपोआप निघत होता. 1976 मध्ये इटलीतल्या मिलानमध्ये जियानी बोनाडोना यांनी शस्त्रक्रियेनंतर सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट आणि फ्लुओरोयुरॅसिल या तीन औषधांचा उपचार दिल्याने स्तनाचा कर्करोग परतण्याचं प्रमाण घटतं हे दाखवलं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष अर्थातच जीव वाचण्याकडे होतं. तरीही 1980 मध्ये अमेरिकेत पीटर सिल्बरफार्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केमो घेणाऱ्या रुग्णांची बौद्धिक क्षमता तपासली होती. जी घसरण त्यांना दिसली तिचा मेळ नैराश्याशी बसत नव्हता. हे निरीक्षण पुढची दहा-पंधरा वर्षं जवळपास पडूनच राहिलं. आजारातून वाचणाऱ्यांची संख्या वाढली, त्या बाया नोकरीवर परत गेल्या, आणि मग प्रश्न टाळता येईना.

पहिला ठोस आकडा आला तो नेदरलँड्समधून. तिथे जास्त धोका असलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर एक मोठी चाचणी चालू होती. काही जणींना नेहमीच्या मात्रेत केमो आणि काहींना अतिशय जास्त मात्रेत केमो, आणि कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. फ्रित्स व्हान डॅम, सॅना स्खागेन आणि सहकाऱ्यांनी उपचारानंतर सुमारे दोन वर्षांनी यांतल्या बायांची बौद्धिक तपासणी केली आणि 1998 मध्ये निष्कर्ष छापले. जास्त मात्रा मिळालेल्यांत 32 टक्के, नेहमीची मात्रा मिळालेल्यांत 17 टक्के आणि केमो न घेतलेल्या रुग्णांत 9 टक्के बायांच्या क्षमतेत उणीव दिसली. मात्रा वाढली तशी उणीव वाढली, हा यातला महत्त्वाचा भाग. एखाद्या औषधावर संशय घेताना वैद्यकशास्त्र जे पुरावे मागतं, त्यांत मात्रा आणि परिणाम यांची अशी चढती भाजणी वरच्या क्रमांकावर असते.

पण या आणि अशा सुरुवातीच्या सगळ्या अभ्यासांत एक मोठी खोट होती. तपासणी फक्त उपचारानंतर झालेली होती. आधी त्या बायांची स्थिती काय होती हे कुणालाच माहीत नव्हतं. ही उणीव भरून काढायला ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये जेफ्री वेफेल यांनी 18 बायांची तपासणी केमो सुरू होण्याआधी केली, आणि नंतर पुन्हा केली. 2004 मध्ये आलेल्या निकालांनी दोन्ही बाजूंना विचारात पाडलं. केमोचा एक थेंबही शरीरात गेलेला नसताना 33 टक्के बायांत उणीव होती. म्हणजे सगळं खापर केमोवर फोडता येत नाही. शस्त्रक्रिया, भूल, निदानाचा धक्का, झोपेचं खोबरं आणि खुद्द कर्करोगामुळे शरीरात चेतणारा दाह या सगळ्यांचा त्यात वाटा असू शकतो. मात्र त्याच अभ्यासात प्रत्येकीची तुलना तिच्या स्वतःच्याच आधीच्या गुणांशी केल्यावर केमोनंतर 61 टक्के बायांची घसरण झालेली आढळली. 18 हा आकडा लहान आहे, टक्केवारी जपूनच वाचायला हवी. पण त्यातून मोजण्याची जी पद्धत पुढे आली ती निर्णायक ठरली. समाजाच्या सरासरीशी तुलना केली तर एक चित्र दिसतं, स्वतःशी केली तर दुसरंच.

हे समजण्यासाठी चाचणी कशी घेतात ते जवळून पाहायला हवं. कर्करोग आणि बौद्धिक क्षमता यांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने 2011 मध्ये तीन चाचण्यांची शिफारस केली. पहिलीत 12 शब्द वाचून दाखवतात. ते तीन गटांतले प्रत्येकी चार असतात, म्हणजे चार प्राणी, चार रत्नं वगैरे. रुग्णाने आठवतील तेवढे सांगायचे, असं तीन वेळा, आणि मग वीस-पंचवीस मिनिटं दुसऱ्या कामात घालवून पुन्हा एकदा. दुसऱ्या चाचणीत कागदावर विखुरलेली वर्तुळं असतात. पेन्सिल न उचलता एक आकडा, एक अक्षर, पुढचा आकडा, पुढचं अक्षर अशा क्रमाने ती जोडायची, आणि परीक्षक वेळ मोजतो. तिसरीत एक अक्षर देतात आणि मिनिटभरात त्या अक्षराने सुरू होणारे जास्तीत जास्त शब्द सांगायचे. निकाल लावताना त्या वयाच्या आणि तेवढ्या शिक्षणाच्या लोकांची सरासरी घेतात, आणि तिच्या बऱ्याच खाली गुण गेले तरच ‘उणीव’ असा शिक्का बसतो. आता शंभर जणींत जी पाचवी आली असती, ती केमोनंतर चाळिसावी आली असं धरून चला. तिच्या दृष्टीने ही मोठी पडझड आहे. तिची नोकरी, तिचा आत्मविश्वास, घरातलं तिचं स्थान हे सगळं पाचव्या क्रमांकावर उभं होतं. पण चाळिसावा क्रमांक सरासरीच्या वरच असतो, म्हणून कागदावर ‘नॉर्मल’ लागतं. परीक्षक खोटं बोलत नसतो, आणि ती बाईही कांगावा करत नसते.

याहून अवघड प्रकार म्हणजे गुण खरोखरच फारसे बदललेले नसतात आणि तरीही तक्रार असते. इथे मेंदूची छायाचित्रं कामी येतात. 2007 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ इथल्या गटाने 60 वर्षांच्या दोन एकसारख्या जुळ्या बहिणींचा अभ्यास छापला. जनुकं एकच, वय एकच. एकीला स्तनाचा कर्करोग होऊन केमो मिळालेली, दुसरी निरोगी. चाचणीतल्या गुणांत दोघींमध्ये किरकोळच फरक निघाला. तक्रारी मात्र केमो घेतलेल्या बहिणीच्या कितीतरी जास्त होत्या. एमआरआय मशीनमध्ये माहिती डोक्यात धरून ठेवण्याचं काम दोघींना दिलं, तेव्हा केमो घेतलेल्या बहिणीच्या मेंदूचा बराच जास्त भाग कामाला लागलेला दिसला, आणि तिच्या मेंदूतल्या श्वेतद्रव्यात, म्हणजे चेतातंतूंच्या जाळ्यात, ठिपक्यांसारखे बदलही जास्त होते. एका जोडीवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरं. पण त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले डॅनियल सिल्व्हरमन यांनी पेट स्कॅन वापरून केलेला अभ्यास आला. केमोला पाच ते दहा वर्षं उलटून गेलेल्या बायांत, आठवण्याचं सोपं काम करताना मेंदूच्या पुढच्या भागातला रक्तप्रवाह इतरांपेक्षा जास्त वाढत होता. म्हणजे उत्तर तेच येत होतं, पण ते काढायला मेंदूला जास्त राबावं लागत होतं. पुढे नेदरलँड्समध्ये अतिशय जास्त मात्रा घेतलेल्यांत, सुमारे दहा वर्षांनी, काही भागांचा प्रतिसाद उलट कमी पडलेला आढळला. जादा कष्टाने वेळ निभावून नेण्यालाही मर्यादा असते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

चाचणी या कष्टाची नोंद घेत नाही. ती होते शांत खोलीत, दार लावून, समोर एकच माणूस, एका वेळी एकच काम, आणि तेही जेमतेम तासभर. तेवढा वेळ माणूस कंबर कसून बसू शकतो. घरी किंवा कचेरीत तशी सोय नसते. कुकरच्या शिट्ट्या मोजत, मुलाचा अभ्यास घेत, फोनवर बोलत एकाच वेळी सगळं सांभाळावं लागतं, आणि संध्याकाळपर्यंत तो जादा जोर संपलेला असतो. म्हणून या बाया जेव्हा ‘येतं सगळं, पण थकायला होतं’ असं म्हणतात, तेव्हा स्कॅनवर जे दिसलं त्याचंच वर्णन त्या करत असतात. डॉक्टरांच्या कागदावर मात्र ते ‘थकवा’ या वेगळ्या रकान्यात जातं आणि विसराळूपणाशी त्याचा संबंध जोडला जात नाही.

आता मूळ शंकेकडे येऊ. औषध मेंदूत पोचत नसेल आणि चेतापेशी विभागत नसतील, तर इजा होणार कशी? यातली दोन्ही गृहीतकं अर्धीच खरी होती. चेतापेशी विभागत नसल्या तरी मेंदूत इतर पेशी विभागतात. चेतातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं, त्यामुळे संदेश वेगाने जातो. हे आवरण बनवणाऱ्या पेशी ज्या पूर्वपेशींपासून तयार होतात, त्या प्रौढपणीही विभागत राहतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात मार्क नोबल यांच्या प्रयोगशाळेने 2006 आणि 2008 मध्ये दाखवलं की केमोची काही नेहमीची औषधं या पूर्वपेशींना फार घातक ठरतात. प्रयोगशाळेतल्या बशीत तर कर्करोगाच्या पेशी मारायला लागणाऱ्या मात्रेहून कमी मात्रेतही त्या मरत होत्या. फ्लुओरोयुरॅसिल दिलेल्या उंदरांत मायलिनचा बिघाड औषध थांबल्यानंतरही काही काळाने उद्भवत होता. बॅरियरचं म्हणाल, तर मेथोट्रेक्सेट आणि फ्लुओरोयुरॅसिल काही प्रमाणात तो ओलांडतात. आणि जे ओलांडत नाही, त्याचाही हात पोचतो. केमोच्या खोलीत लाल रंगामुळे सगळे ओळखतात ते डॉक्सोरुबिसिन मेंदूत फारसं शिरत नाही. पण केंटकीतल्या संशोधकांना उंदरांत आढळलं की ते रक्तात दाह वाढवणारी रसायनं वाढवतं, ती मेंदूपर्यंत जातात आणि तिथे पेशींना त्रास देतात.

या साखळीतला महत्त्वाचा दुवा 2019 मध्ये स्टॅनफर्डमधून आला. मिशेल मोंजे यांच्या गटाने उंदरांना मेथोट्रेक्सेट दिलं आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया या राखणदार पेशींवर लक्ष ठेवलं. औषध शरीरातून गेल्यावरही या पेशी दीर्घकाळ चवताळलेल्या राहिल्या, आणि त्यांच्यामुळे मायलिन तयार करणाऱ्या पेशींची वाढ बिघडली. पुढे एका औषधाने मायक्रोग्लिया काढून टाकल्या, तेव्हा मायलिनची घडी बसू लागली आणि उंदरांची लक्ष देण्याची, ओळखण्याची क्षमताही सुधारली. माणसांतल्या पुराव्याशी हे जुळतं. बेल्जियममधल्या लूव्हन इथे साबीन देप्रेझ यांनी केमोच्या आधी आणि नंतर त्याच बायांच्या श्वेतद्रव्याची खास एमआरआय तपासणी केली. 2012 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात केमो घेतलेल्यांच्या श्वेतद्रव्यात बदल दिसले, न घेतलेल्यांत दिसले नाहीत. ते बदल लक्ष आणि शब्दस्मृती यांच्या घसरणीशी निगडितही होते. श्वेतद्रव्य म्हणजे मायलिनने मढवलेल्या तंतूंचं जाळं. तिथे बिघाड झाला की माहिती पुसली जात नाही, ती पोचायला उशीर लागतो. शब्द ‘ओठांवर अडकतो’ आणि थोड्या वेळाने आपसूक आठवतो, या अनुभवाशी हे चित्र बरंच जुळतं. आणि दिलासा देणारी गोष्ट म्हणजे लूव्हनच्याच गटाला तीन-चार वर्षांनी पुन्हा तपासल्यावर हे बदल बऱ्यापैकी भरून निघालेले दिसले.

तरीही काही आक्षेप उरतात, आणि ते किरकोळ नाहीत. पहिला असा की हे सगळं मनाचं आहे. कर्करोगाने माणूस खचतो, चिंता करतो, झोप उडते, आणि चिंतातुर माणूस विसरतोच. यात तथ्य आहे. स्वतः केलेल्या तक्रारींचा संबंध चाचणीतल्या गुणांपेक्षा उदासी आणि थकव्याशी जास्त दिसतो, असं अनेक अभ्यासांत निघालं आहे. पण एवढ्यावर विषय संपत नाही. नेदरलँड्समध्ये 196 बायांची तपासणी केमोनंतर सरासरी 21 वर्षांनी झाली आणि त्यांची तुलना रॉटरडॅममधल्या 1509 कर्करोग नसलेल्या बायांशी केली गेली. 2012 मध्ये आलेल्या या निकालांत केमो घेतलेल्यांची शब्दस्मृती आणि कामाचा वेग कमी निघाला, आणि उदासीची लक्षणं मात्र इतरांपेक्षा कमी निघाली. उदासीच एकमेव कारण असती, तर हे उलटं घडायला हवं होतं. शिवाय तक्रारीत उदासीचा भाग असला, तर तो हाकलून देण्याचा नव्हे, उपचार करण्याचा विषय आहे.

दुसरा आक्षेप अधिक अस्वस्थ करणारा आहे, कारण तो याच विषयातल्या संशोधकांनी स्वतः पुढे आणला. सॅना स्खागेन यांच्या गटाने दाखवलं की केमोमुळे स्मरणशक्तीवर परिणाम होतो असं नुसतं आधी वाचायला दिलं, तरी रुग्णांच्या तक्रारी वाढतात आणि चाचणीतली कामगिरीसुद्धा घसरू शकते. म्हणजे हे प्रकरण वाचून एखादीला दुसऱ्या दिवशी जास्त विसरल्यासारखं वाटू शकतं. हा परिणाम खरा आहे, पण तो सगळ्याचं स्पष्टीकरण देत नाही. उंदरांनी कसलंही माहितीपत्रक वाचलेलं नसतं, आणि श्वेतद्रव्यातले बदल सूचनेने होतात असं मानायला आधार नाही. या शोधातून घ्यायचा धडा निराळा आहे. माहिती द्यायची ती पूर्ण द्यायची. हे सगळ्यांना होत नाही, झालं तर बहुधा सौम्य असतं, बरंचसं ओसरतं आणि त्यावर करण्यासारखं काही असतं, एवढं चारही बाजूंनी सांगायचं. अर्धवट सांगण्याने भीती वाढते आणि काहीच न सांगण्याने, त्रास सुरू झाल्यावर, माणूस एकटा पडतो.

तिसरा आक्षेप म्हणजे दोषी केमो नसून तिच्या जोडीचे उपचार आहेत. याचा निवाडा करायला सगळ्यात उपयोगी ठरली ती ‘टेलरएक्स’ ही मोठी अमेरिकी चाचणी. तिच्यात मध्यम धोक्याच्या बायांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला फक्त हार्मोनविरोधी गोळ्या, दुसऱ्याला केमो आणि नंतर त्याच गोळ्या. बौद्धिक तक्रारींचं मोजमाप सुरुवातीला आणि पुढे तीन वर्षांपर्यंत ठरावीक टप्प्यांवर झालं. 2020 मध्ये छापलेले निकाल असे की तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात केमो गटात तक्रारी स्पष्टपणे जास्त होत्या, पण वर्षानंतर दोन्ही गटांतला फरक मिटला. इथपर्यंत वाचून थांबलं तर केमोचा परिणाम वर्षभराचाच असं वाटेल. पण पुढची ओळ तितकीच महत्त्वाची आहे. दोन्ही गट आपापल्या सुरुवातीच्या पातळीच्या खालीच राहिले, तिसऱ्या वर्षीसुद्धा. म्हणजे गोळ्या, त्यांच्यामुळे ओढवणारा रजोनिवृत्तीसारखा काळ, झोप आणि आजार यांचाही भार आहे. 2010 मधल्या एका युरोपीय अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांची शब्दस्मृती कमी निघाली, एक्झेमेस्टेन घेणाऱ्यांची नाही, तेव्हा गोळ्यागोळ्यांतही फरक आहे. एकूण हिशेब असा की केमोचा धक्का मोठा आणि तुलनेने आखूड असतो, बाकीच्या गोष्टींचा हलका पण रेंगाळणारा. कारण एक नसून अनेक आहेत, यावरून तक्रार खोटी ठरत नाही. उलट सुधारता येण्यासारख्या जागा वाढतात.

किती जणींना होतं, या प्रश्नाचं उत्तर मोजपट्टीवर अवलंबून असल्यामुळे आकडे इकडेतिकडे होतात. 2017 मध्ये मिशेल जॅनेल्सिन्स यांनी अमेरिकाभरातल्या 581 रुग्ण आणि 364 निरोगी बायांचा अभ्यास छापला. केमोच्या आधी आणि केमो संपून सहा महिन्यांनी, अशी स्वतःशी केलेली तुलना घेतली, तर 36.5 टक्के रुग्णांनी दखल घेण्याजोगी घसरण सांगितली, निरोगी बायांत हे प्रमाण 13.6 टक्के होतं. म्हणजे बहुसंख्य बायांना ही अडचण आली नाही, पण ती आलेल्यांची संख्या दुर्लक्ष करण्यासारखीही नाही. मनात येणारी दुसरी भीती म्हणजे पुढे स्मृतिभ्रंश होईल का. केमोनंतरची घसरण आणि अल्झायमर या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत लक्ष आणि वेग यांवर ताण येतो आणि तो बहुधा स्थिर राहतो किंवा ओसरतो. दुसरीत स्मृती वर्षागणिक ढासळत जाते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथल्या दीर्घ अभ्यासात 2012 मध्ये कर्करोगातून वाचलेल्यांना अल्झायमरचं प्रमाण इतरांपेक्षा कमीच आढळलं होतं.

मग शेवटचा आक्षेप येतो, आणि तो बऱ्याचदा घरच्यांचा असतो. जीव वाचला हे पुरे नाही का? याचं उत्तर लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाने देऊन ठेवलं आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी औषधांच्या जोडीला डोक्याला रेडिएशन देऊन अनेक मुलं वाचवली. त्याआधी हा आजार जवळपास नेहमीच जीव घेई. वाचलेली मुलं शाळेत गेली आणि त्यांतली बरीच अभ्यासात मागे पडू लागली. त्यांचं मोजमाप केल्यामुळेच ते रेडिएशनमुळे घडतं हे कळलं. मग रेडिएशनची मात्रा कमी झाली, आणि 2009 मध्ये त्याच रुग्णालयाने छापलेल्या चाचणीत ते पूर्णपणे वगळूनही पाच वर्षं जगणाऱ्या मुलांचं प्रमाण 93.5 टक्के होतं. जीव वाचला हे पुरे, असं म्हणून कुणी गप्प बसलं असतं तर हे घडलं नसतं. टेलरएक्सनेही 2018 मध्ये दाखवून दिलं की एका ठरावीक गटातल्या बहुतेक बायांना केमोची गरजच नाही. जिथे गरज आहे तिथे ती घ्यायलाच हवी, विसराळूपणाच्या भीतीने टाळण्यासारखी ती गोष्ट नव्हे. पण जिथे फायदा नाममात्र आहे, तिथे निर्णयाच्या तराजूत मेंदूचंही वजन पडायला हवं.

उपायांच्या बाबतीत बढाई मारण्याजोगं अजून काही हाती नाही. अल्झायमरसाठी वापरतात त्या डोनेपेझिल या औषधाकडून आशा होती, पण 276 बायांवरच्या चाचणीत 2024 मध्ये त्याचा उपयोग दिसला नाही. ऑस्ट्रेलियात 242 रुग्णांवरच्या चाचणीत ज्यांना संगणकावरचा सराव कार्यक्रम दिला त्यांच्या तक्रारी घटल्या, चाचणीतले गुण मात्र वाढले नाहीत. ज्या मोजमापात त्रास दिसत नव्हता त्यात सुधारणाही दिसली नाही, तर त्यात नवल नाही. नियमित चालणं-व्यायाम, झोपेची घडी बसवणं, उदासीवर उपचार हे मार्ग सध्या सर्वांत भरवशाचे. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 तपासून घेणं तर अगदी सोपं, कारण यांच्या कमतरतेनेही डोकं जड होतं आणि ती भरून काढता येते. कामं लिहून ठेवणं, एका वेळी एकच हातात घेणं, किचकट हिशेब सकाळी उरकणं हे कमीपणाचं नाही. स्मरणशक्तीच्या नावाने मिळणारी चूर्णं आणि गोळ्या डॉक्टरांना न विचारता सुरू करू नयेत, चालू उपचारांना त्या बाधू शकतात.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक टोकदार आहे. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे 1 लाख 92 हजार बायांना स्तनाच्या कर्करोगाचं नवीन निदान होतं, आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने हे निदान साधारण दहा वर्षं लवकरच्या वयात होतं. म्हणजे उपचारानंतर नोकरीची, शेतीची, मुलं वाढवण्याची बरीच वर्षं समोर असतात. पण मोजायला लागावं तर पट्टीच अपुरी. इंग्रजी चाचणीतली अक्षरं जशीच्या तशी मराठीत आणून चालत नाही. ‘क’ने सुरू होणारे शब्द आणि ‘ढ’ने सुरू होणारे शब्द सारखे सोपे नसतात, त्यांची काठिण्यपातळी मराठी बोलणाऱ्या लोकांवरच ठरवावी लागते. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला आकडे आणि अक्षरं जोडायला सांगितली, तर तिच्या मेंदूपेक्षा तिच्या शाळेचीच परीक्षा होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशी भाषांसाठी बौद्धिक चाचण्यांचा संच तयार केला, त्याच्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या. मराठीत ‘मोका’ ही छोटी चाचणी उपलब्ध आहे, पण ती स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या खुणा टिपण्यासाठी बनवलेली आहे, सूक्ष्म घसरण तिच्यातून सहज निसटते.

म्हणूनच स्वतःशी तुलना करण्याची पद्धत आपल्यासाठी दुहेरी सोयीची आहे. तिला समाजाची परिपूर्ण सरासरी लागत नाही. केमोच्या पहिल्या सायकलच्या आधी अर्धा तास काढून शब्द आठवणं, वेग आणि लक्ष यांची साधी नोंद केली आणि ती फाइलमध्ये लावून ठेवली, की वर्षभराने त्याच चाचणीची पर्यायी प्रत घेऊन ती पडताळता येते. रक्त, हृदय, मूत्रपिंड यांच्या तपासण्या आपण केमोच्या आधी करतोच, कारण नंतर काही बिघडलं तर ते ओळखता यावं. मेंदूला या यादीतून वगळायला आता कोणतंही शास्त्रीय कारण उरलेलं नाही. रुग्णालयांनी ही नोंद सुरू करावी. ती होत नसेल तर रुग्णाने आणि घरच्यांनी ती मागावी. आणि उपचारानंतर कुणी ‘तुमची चाचणी नॉर्मल आहे’ असं सांगितलं, तर न संकोचता विचारावं, ‘कुणाच्या मानाने?’